साठीतली दौड

साठ सालच्या सुमारास अकोल्याहून अमरावतीला जाताना गाडीत एक साठीचे शेतकरी भेटले. मांडीवर कागदात गुंडाळलेले नवे कापडी बूट होते. अमरावतीच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावायला निघाले होते. मी मास्तर आहे हे कळल्यावर म्हणाले, "पयल्यांदाच येऊन रायलो. अंबादेवी पाहीन, शयराचा परकोट पाहीन, मंग शर्यतीत पयीन."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम शर्यत बघायला गेलो. धोतराचा काचा मारून ते तरुणांच्या मागून एका चालीने धावत होते. बडनेऱ्याला वळसा घालून परतले तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती आणि शर्यत संपायची चुन्याची रेघ पुसली गेली होती. ती नेमकी कुठे होती हे विचारून त्यांनी ती ओलांडली.

मी त्यांच्या ओंजळीत पाणी ओतत विचारलं, "या वयात काहून एवढं पळता?"

ते हसले. "मास्तर, गावात मी पयलो का लोक घराभाईर निंगतात. इचारतात, काहून पयून रायले, कोनाले काय झालं? इथं एवढ्या लोकायनं पाह्यलं, पन इचारलं तुमी एकल्यानंच."

मी तर नुसत्या कुतूहलाने विचारलं होतं; ओशाळून आणखी पाणी ओतलं.