अर्लची आजन्म गॅरंटी

लेथखाली लोखंडाचा कीस साठतो ना, तसे आमच्या दुकानातले किस्से साठलेत. शनिवारी झाडून काढावा, तर सोमवारी दुपारी पुन्हा घोट्यापर्यंत! आमची मंगल म्हणते, "घरी आलात की तेच पुराण. जरा दुसरं काही बोला की!" आता दुसरं काय बोलू? दिवसभर जे बघतो ते पोटात ठेवलं तर अल्सर होईल मला.

तर झालं असं, की तेलाचे भाव कोसळले आणि ह्यूस्टनमधल्या अर्ध्या इंजिनिअरांबरोबर मीही घरी बसलो. बऱ्याच वणवणीनंतर जवळच्याच शुगर लँड गावाच्या बाहेर, हायवेलगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये नोकरी लागली. मालकाचं नाव अर्ल. हा म्हातारा एकेक पिस्तूल हातानं कानस मारून बनवायचा. त्याच्या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढावी, तर तुपावरून बोट फिरवल्यासारखी सरकायची. गिऱ्हाइकं वर्ष वर्ष नंबर लावून थांबायची.

दारासमोर बोर्ड होता: "पिस्तूल बिघडलं, तर मी जिवंत असेपर्यंत फुकट दुरुस्त करून देईन. अर्ल." फुकट म्हटल्यावर काय हो! टेक्सस काय आणि सातारा काय, माणूस तोच. परत आलेल्या पिस्तुलांसाठी एक वेगळं बेंच होतं, आणि त्या बेंचवर मी, दिगंबर. अर्लच्या तोंडी 'डिग'.

बेंचवर ढीग वाढला की अर्ल बोर्डाकडे बोट दाखवायचा. "डिग, एक दिवस हा बोर्ड मी उतरवणार. बोर्ड गेला की बेंच गेलं." बेंच गेलं म्हणजे मी गेलो. बाहेर नोकऱ्यांचा दुष्काळ, मुलगी कॉलेजला निघालेली. तो बोट दाखवायचा आणि मी घाईघाईनं पुढचं पिस्तूल उघडायला घ्यायचो.

*

एकदा एक गुरांचा मोठा मालक ऑर्डर द्यायला आला. त्यानं बोर्ड दोनदा वाचला आणि अर्लला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वय काय तुमचं?"

"सत्तरी ओलांडली."

"सिगारेट ओढता?"

"दिवसाला एक पाकीट."

त्यानं हॅट डोक्यावर चढवली. "मग आधी सिगारेट सोडा. ऑर्डरचं नंतर बघू!"

अर्लनं त्याच्या तोंडासमोरच सिगारेट पेटवली.

*

ऑगस्टमधली दुपार. शेड तापून तवा झालेली. एक ट्रकवाला आला. "अडकतंय हो."

मी उघडलं तर आत पांढरट, चिकट थर. "कुठलं तेल घालता?"

"तेल कशाला? माझे आजोबा बंदुकीला बेकनची चरबीच लावायचे. रोज सकाळी ब्रेकफास्टला निघतेच की!"

ज्याच्या घरात अंड्याचा केक चालत नाही, त्या माझ्यासारख्यानं ते डुकराच्या चरबीनं माखलेलं पिस्तूल पितळी ब्रशनं घासघास घासलं. वर अर्लचा कुत्रा माझ्या मांडीवर हनुवटी टेकून बसलेला. एरवी बिस्किट दिलं तरी ढुंकून बघायचा नाही मेला!

पिस्तुलाबरोबर मी त्याला मशीन ऑइलची बाटली दिली आणि चांगलं बजावलं. त्यानं बूच उघडलं, बोट बुडवलं, जिभेला लावलं. तोंड वाकडं करून म्हणाला, "ह्याला काही चव नाही!"

*

आता हे शिकलेले बघा. एक अकाउंटंट कागदी पिशवी घेऊन आला आणि खळ्ळकन बेंचवर ओतली. अख्खं पिस्तूल सुटं!

"मॅन्युअल बघून उघडलं," म्हणाला.

"मग मॅन्युअल बघून जोडायचं ना!"

"त्या पानावर कॉफी सांडली."

"सगळे पार्ट आहेत?"

"सगळे! उलट एक जास्तच आहे."

त्या जास्तीच्या पार्टनं माझी दुपार खाल्ली. अर्लनंही भिंगाखाली धरून उलटापालटा केला. तीस वर्षं स्वतःच्या हातानं पिस्तुलं बनवलेला माणूस, त्याला घाम फुटला! "डिग, मी हा कधी बसवला असेन?"

तेवढ्यात फोन वाजला. अकाउंटंटची बायको. "माझं शिवणमशीन बंद पडलंय. आमच्या ह्यांनी तुमच्याकडे काही आणलंय का हो?"

*

न पुसणारे परवडले, पण पुसणारे नकोत. एक रिटायर्ड बँकवाला रोज सकाळी पितळेच्या पॉलिशनं पिस्तूल घासायचा. घासून घासून वरचा निळसर काळा रंग गेला, कोपरे गेले, आणि स्लाइडवर अर्ल हातानं कोरायचा ते त्याचं नावही गेलं.

"रंग उडालाय," तो म्हणाला. "गॅरंटी आहे ना?"

अर्लनं पिस्तूल उजेडात धरलं. आवाज अगदी बारीक झाला त्याचा. "ह्यावर माझं नाव होतं."

"होतं ना! त्यात काळं साठायचं. मोठ्या मेहनतीनं घालवलं!"

अर्ल सिगारेट ओढायला बाहेर गेला. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू!

*

आणि स्प्रिंग! चार गोळ्या कमी झाडा, पण वेळेवर स्प्रिंग बदला, असं मी घसा कोरडा करून सांगायचो. एकाची स्प्रिंग इतकी बसली होती, की पिस्तुलाची नळी नुसती वर केली तरी स्लाइड आपली आपण मागे यायची.

"शेवटची कधी बदललीत?"

"बदलायची? आजन्म गॅरंटी आहे ना?"

आतून अर्ल ओरडला, "जन्म माझा धरायचा, स्प्रिंगचा नाही!"

घरी येऊन मुलीला सांगितलं, तर ती म्हणते, "डॅड, जस्ट पुट अप अनदर साइन!" अगं बाई, आहे तोच बोर्ड धड वाचतात कुठे ही माणसं!

*

हे झाले गोरे. आता आपला माणूस ऐका.

डॉ. जगदाळे म्हणजे शुगर लँडमधले हृदयाचे मोठे डॉक्टर, मूळ साताऱ्याकडचे. पणजोबांची तलवार गावी भावाकडे राहिली, म्हणून ह्यांनी अर्लकडून पिस्तूल बनवून घेतलं. एक गोळी झाडायची नाही, नुसतं कपाटात. तरी दसऱ्यानंतर हजर! "दिगंबरराव, हे हलेनासं झालंय."

उघडलं आणि कपाळाला हात लावला. खाचेत कुंकू, गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये अक्षता, बॅरलमध्ये नारळाच्या पाण्याचा गंज आणि ट्रिगरमागे झेंडूची पाकळी!

अर्लनं चिमट्यात एक दाणा धरला. "डिग, हे काय आहे?"

"तांदूळ."

"पिस्तुलात?"

मग त्याला खंडेनवमी समजावून सांगितली. वर्षातून एकदा शस्त्रं, अवजारं काढायची, घासूनपुसून मांडायची, पूजा करायची. गवंड्याची थापी असो, शिंप्याची कात्री असो, नाहीतर गॅरेजातला पाना. त्या दिवशी त्यांना सुट्टी.

"सगळे करतात?"

"सगळे."

"दर वर्षी? न सांगता?"

"कोण सांगणार? करायचं म्हणजे करायचं."

अर्ल मटकन स्टुलावर बसला. "आणि मी इतकी वर्षं इथे नुसता बोर्ड लावून बसलोय!"

डॉक्टरांना मी हात जोडून सांगितलं, "साहेब, पूजा करा, पण बाहेरून करा. आणि असं कोरडं ठेवू नका हो, वंगण लागतं त्याला." डॉक्टरांनी मान डोलावली.

अर्लनं त्याच आठवड्यात सगळ्या गिऱ्हाइकांना फोन फिरवले. पुढच्या खंडेनवमीला पिस्तूल साफ करून आणून दाखवायचं, नाहीतर गॅरंटी बंद. फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. "त्यानंतरही ढीग तसाच राहिला, तर बोर्ड खाली येणार, डिग. ह्या वेळी खरंच." ते वर्ष माझं कसं गेलं ते माझं मला माहीत.

*

पुढची खंडेनवमी आली. सकाळपासून शेडबाहेर ट्रकांची रांग! मंगलनं लेथला झेंडूची माळ घातली होती, कानशींना हळदकुंकू वाहिलं होतं. दांडगे दांडगे टेक्सन हॅट काढून, पिस्तुलं फडक्यावर ठेवून, शाळेत वही तपासायला आणल्यासारखे उभे. अकाउंटंटनं स्वतः जोडून आणलं होतं आणि एकही पार्ट जास्त नव्हता. बँकवाल्यानं पॉलिश सोडलं होतं. बेकनवाल्याचं पिस्तूल अर्लच्या कुत्र्यानं हुंगलं आणि तोंड फिरवून निघून गेला. पास!

गैरहजर फक्त डॉ. जगदाळे. मी फोन केला तर मलाच झापलं. "अहो दिगंबरराव, आजच्या दिवशी शस्त्र उंबऱ्याबाहेर काढतात होय? तुम्ही पण कमाल करता!"

पुढच्या काही दिवसांत बेंच रिकामं झालं. मी खुशीत होतो. बोर्ड वाचला! तर अर्लनं बेंच पुसून काढलं आणि माझं स्टूल उचलून कोपऱ्यात ठेवलं. मग डोकं खाजवत उभा राहिला.

"डिग, बोर्ड राहिला. पण आता ह्या बेंचवर तू करणार काय?"

घ्या! वर्षभर देवाकडे मी हेच मागत होतो, ढीग आटू दे म्हणून!

तेवढ्यात दार उघडलं. डॉ. जगदाळे आत आले, हातात टॉवेलचं गाठोडं. त्यांच्या मागोमाग अर्लचा कुत्रा, शेपटी हलवत. गाठोडं सोडताच शेडभर दह्याचा वास पसरला. मी स्लाइड ओढली. अर्लनं ओढली. ढिम्म!

"असं कसं झालं?" डॉक्टर चिडून म्हणाले. "कोरडं ठेवू नका असं तुम्हीच बजावलं होतंत ना? म्हणून तर ह्या वर्षी पंचामृतात बुडवून ठेवलं. तूप मुद्दाम जास्त घातलं, घरी कढवलेलं!"

अर्लनं पिस्तुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. कोपऱ्यातलं स्टूल उचललं आणि बेंचसमोर आणून ठेवलं.

मी डॉक्टरांपुढे हात जोडले. "डॉक्टरसाहेब," म्हटलं, "पुढच्या वर्षी मधही जरा सढळ हातानं घाला!"