नंबर पडलेली खुर्ची

मुलीकडे जर्मनीत गेलो होतो, तेव्हा तिच्या गावातलं छोटंसं म्युझियम पाहिलं. शेवटच्या दालनात दोरीपलीकडे एक साधी लाकडी खुर्ची होती. तिच्या हातांवरचं पॉलिश उडालेलं. दोरीअलीकडे काठी टेकून एक वृद्ध गृहस्थ उभे होते.

"बाबा, हे इथले आधीचे संचालक," मुलगी हळूच म्हणाली. "इतिहासकार. घरोघरच्या माळ्यांवरून पाळणे, चरखे गोळा करून त्यांनी हे म्युझियम उभं केलं. ते निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची इथे आली."

पहाऱ्यावरच्या बाईंनी इकडेतिकडे पाहून दोरीचा हूक काढला आणि त्या गृहस्थांना काहीतरी सांगितलं. गृहस्थांनी हसून खुर्चीच्या पायावर रंगवलेल्या, म्युझियमच्या नोंदीच्या बारीक आकड्यांकडे बोट दाखवलं.

मुलीनं मला अर्थ सांगितला. बाई म्हणाल्या, "बसा ना साहेब, कोणी नाहीये." ते म्हणाले, "नंबर पडला की बसायचं नाही. मीच शिकवलं ना तुम्हाला?"

माझे वडील गेले, तेव्हा चौदाव्या दिवशी मी त्यांच्या खुर्चीत बसून पेपर वाचला होता. आम्ही वस्तू जपतो ती वापरून, झिजवून. या माणसानं जन्मभर गावाच्या वस्तू वापरातून काढून इतिहासात नेऊन ठेवल्या. शेवटी स्वतःची बसायची जागाही त्यातच गेली.

त्यांनी हूक पुन्हा अडकवला, दोरी नीट ताणून पाहिली. मी समोरच्या बाकावर टेकलो होतो, तो जरा सरकलो. ते शेजारी येऊन बसले आणि आम्ही दोघं ती रिकामी खुर्ची बघत राहिलो. दोघांच्याही हातात तिकीट होतं.