बुधवारचे तेवीस अंश

भूतखेत, करणी असलं मी कधीच मानलं नाही. तीस वर्षं जमिनी मोजतोय; जे मोजता येतं तेवढंच खरं, हा माझा स्वभाव. तरीही लिहितोय... कारण आकडे माझ्याच वहीत आहेत.

आमचं घर सोलापुरात. मोजणीला निघण्याआधी, सकाळी नऊला, मी गच्चीच्या एकाच कोपऱ्यातून समोरच्या पाण्याच्या टाकीवर होकायंत्र धरतो. यंत्र बरोबर आहे ना, एवढंच बघायला. आकडा ठरलेला — ११२ अंश.

यंदा उन्हाळ्यात एका सोमवारी ११७ आला. मंगळवारी १२०. बुधवारी १३५! गुरुवारी १२१. शुक्रवारी पुन्हा ११२. मोबाईल, किल्ल्या खालीच ठेवल्या होत्या. मित्राचं होकायंत्र आणून त्याच जागी धरलं, ते चारही दिवस ११२ च दाखवत होतं.

"चष्मा बदला की आता," बायको म्हणाली. "टाकी काय चालत जातीय व्हय?"

शनिवारी मुलगी सुजाता पुण्याहून आली. तिची पीएच.डी. चाललीय. त्याच आठवड्यात एक यान सूर्यापलीकडून जात होतं. त्याचे रेडिओ सिग्नल सूर्याच्या प्रभामंडळातून येताना पिळले जातात. किती अंश पिळले, त्यावरून तिथलं चुंबकीय क्षेत्र काढायचं. सोमवार ते गुरुवार, सकाळी नऊच्या नोंदी : ५, ८, २३, ९.

"सर म्हणतात, तेवीस ही चूक आहे, काढून टाक. काढला तर प्रबंधात उरतं काय, बाबा? आणि ठेवला अन् चुकीचा निघाला तर?"

मी मनात माझ्या चार आकड्यांतून ११२ वजा केले. उरले तेच चार आकडे. वही तिच्यासमोर ठेवली.

तिने दोन्हीकडचे आकडे पुन्हा ताडून पाहिले. "शक्यच नाही. त्याचा आणि सुईचा संबंधच नाही."

"मलाही कळतंय. माझ्या वहीवर जाऊ नकोस. पण मोजणीत आकडा पुसत नाहीत, पोरी. शंका असेल तर एक रेघ मारतात... खालचा आकडा वाचता आला पाहिजे."

तिने तेवीसवर रेघ मारली, पुसला नाही. सरांनाही तसंच कळवलं.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या देशातल्या अँटेनाची नोंद आली. त्या बुधवारी तिथंही तेवीसच! "बाबा, तेवीसवरची रेघ काढून टाकली!" फोनवर ती हसत होती, रडतही होती.

मीही हसलो. पण तिचा आकडा चुकीचा निघाला असता, तर माझाही चष्म्यावर ढकलून मोकळा झालो असतो. आता तेही करता येत नाही. माझी सुई का फिरली, ते अजून सापडलेलं नाही. रोज नऊला गच्चीवर जातो आणि ११२ दिसेपर्यंत श्वास सोडत नाही.