वरची तार नसलेलं वाद्य

परवा औंढ्याला नागनाथाच्या देवळाबाहेर एका धूपवाल्याने निखाऱ्यावर राळ टाकली आणि त्या उग्र, गोडसर धुराने मला थेट वसमतच्या एका माडीवर नेऊन सोडलं. तिथे आमचे सर व्हायोलिन शिकवायचे. गजाला राळ घासून आम्ही दोघी शेजारी शेजारी बसायचो, मी आणि माझी मैत्रीण; शाळेपासून एका डब्यात जेवणाऱ्या.

सरांकडे दोन वाद्यं होती. लहान तिला मिळालं, किंचित मोठं मला. "तुझे हात लांब हायेत, तुला हेच बराबर," सर म्हणाले. तिचे सूर सहज उंच चढत. माझं वाद्य छातीतून बोले, जरा घोगरं, विहिरीत वाकून हाक मारावी तसं. तिच्या उंचीला पोचता येईना, तेव्हा मी दोष माझ्या बोटांना दिला. सहा वर्षं मी स्वतःलाच उणी समजत राहिले.

मग हिंगोलीच्या स्पर्धेत परीक्षकांनी माझं वाद्य हातात घेऊन न्याहाळलं. "हे व्हायोलिन न्हाई, व्हायोला हाय. व्हायोलिनची वरची बारीक तार ह्याला नसतेच, खाली एक जाड तार जास्तीची. व्हायोलिनच्या स्पर्धेत कसं चालंल?" मी मंचावरून उतरले. मैत्रीण वाजवून पहिली आली.

परतल्यावर मी सरांना विचारलं, "तुमाला ठाऊक व्हतं?"

"व्हय," ते शांतपणे म्हणाले. "तिच्या मागं खालचा सूर धरायला कुणी तरी पाह्यजे व्हतं. सांगितलं असतं तर तू धरला असतास का?"

मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती पदराच्या टोकाशी चाळा करीत होती. "मला पहिल्याच वर्षी सांगितलं व्हतं त्यांनी," ती पुटपुटली.

सरांचं बोलणं एक वेळ पचलं असतं. तिचं नाही पचलं.

माडी सुटली. पुढे मी स्वतःचं व्हायोलिन घेतलं, पण मोठ्या वाद्याला सरावलेली बोटं त्यावर जवळ जवळ पडेनात आणि कान सारखा खाली काही तरी शोधू लागला. वर्षभराने ते देऊन टाकलं आणि व्हायोलाच घेतला. आज तोच वाजवते, त्यासाठीच लोक बोलावतात. सर गेले, तेव्हा तिचा फोन आला होता : "त्यांच्यासाठी एकदा दोघी मिळून वाजवू." मी नाही म्हटलं. तीही पुन्हा बोलली नाही.

कधी वाटतं, विचारलं असतं तर हा आवाज मी आपणहून निवडला असता. ते कळायची सोय मात्र त्या दोघांनी ठेवली नाही. आवाज माझा झाला. निवड कधीच माझी झाली नाही.