बाबांच्या सायकलीचं अस्तर

बाबा गेल्यापासून भिंतीला टेकून असलेली त्यांची सायकल मी घासायला बसले, तर पॉलिश पेपरखाली एकेक दसरा निघू लागला. वर हिरवा, त्याखाली काळा, त्याखाली पुन्हा हिरवा. दर दसऱ्याला पूजेआधी बाबा तिला रंगाचा नवा हात मारायचे, तोही थेट गंजावर. पुढे पोपडे निघाले की शिव्या रंगाला.

हार्डवेअरवाल्या काकांनी मला आधी रंग दाखवलाच नाही. म्हणाले, "ताई, पहिल्यांदा रेड ऑक्साईडचं अस्तर. लोखंड पार उघडं करा, थिनरने पुसा, मग लावा."

आता सायकल अंगणात उभी आहे, विटकरी, अजिबात न मिरवणारी. उद्या हे अस्तर निळ्या रंगाखाली जाईल आणि कुणाला दिसणारही नाही, पण रंग धरून ठेवेल ते हेच. बाबांची माया कमी नव्हती. सबुरी तेवढी नव्हती.

आईने दारातून विचारलं, "पुढच्या दसऱ्यापर्यंत टिकेल?"

"आता कितीतरी वर्षं रंगवावी लागणार नाही."

तिचा चेहरा जरा उतरला. "मग दसऱ्याला तिचं करायचं काय?"

"झेंडू बांधायचा," मी म्हटलं, "आणि चालवायची."