दाराला लागलेली बोटं

आमच्या खांदा कॉलनीतल्या सोसायटीत गेल्या वर्षी दोन घरं फोडली गेली आणि माणसं पिसाळली. प्रत्येक लाकडी दारापुढं लोखंडी जाळीचं दार आलं, मजल्यामजल्यावर कॅमेरे आले. सोसायटीच्या हॉलमध्ये एका बाईंनी आम्हाला स्वसंरक्षण शिकवलं. आधी संशय घ्या, मग बोला, म्हणे. त्यासाठी वर्ग कशाला हवा, ते आम्हाला जन्मजात येतं. मीही पर्समध्ये मिरचीचा फवारा बाळगू लागले. मी काही वेगळी नव्हे.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी ऑफिसातून आले, तर चौकटीवर लालपिवळी बोटं उमटलेली आणि उंबऱ्यावर तांदूळ. चोर आधी घरांवर खुणा करून जातात, असा मेसेज ग्रुपवर सकाळीच फिरला होता. माझी पाचावर धारण बसली. फोटो काढून ग्रुपवर टाकला, माझ्या दारावर खूण केली आहे, सगळ्यांनी सावध राहा. हळदकुंकू मी रोज देवाला वाहते. पण तेच चौकटीला लागलेलं ओळखायला मला कमिटी लागते.

सेक्रेटरींनी कॅमेरा तपासला. पदर डोक्यावरून घेतलेली एक बाई, हातात मोठी पिशवी. कॅमेरा वर असल्यामुळं चेहरा काही दिसेना. झालं, ग्रुपला चोर सापडला.

रविवारी सकाळी गेटवर आरडाओरडा ऐकून मी खाली गेले. पंधरावीस जणांच्या कोंडाळ्यात नेरे गावाहून भाजी आणणारी मावशी उभी होती, डोक्यावरून पदर, हातात तशीच मोठी पिशवी. बारा वर्षं ती माझ्या दारी माठ, अंबाडी, वालाच्या शेंगा आणून देते. मला डेंग्यू झाला तेव्हा नवरा परगावी होता. हिनं चार दिवस घरून पेज करून आणली, धंदा सोडून माझ्या उशाशी बसली. तेव्हा घराची किल्लीच मी तिला देऊन टाकली होती. सोसायटीत चोऱ्या झाल्यावर मात्र काहीतरी निमित्त काढून परत मागून घेतली.

"दाराला काय लावलंस?" सेक्रेटरी विचारत होते.

"पोरीचं लगीन हाय. बोलवायला आल्ते तर घर बंद व्हतं. म्हून बोटं लावली, अक्षता ठेवल्या. आमच्याकडं असंच करतात."

"असंच सांगतात सगळे," माझी शेजारीण म्हणाली आणि तिनं फवारा मावशीच्या तोंडासमोर धरला.

मी पुढं व्हायला हवं होतं. पण ग्रुपवर बोंब मारणारी मीच. आता ही माझी भाजीवाली आहे म्हटलं असतं, तर अख्खी सोसायटी मला हसली असती. चोर सोडून संन्याशाला फाशी चाललेली डोळ्यांनी दिसत होती आणि मी कोंडाळ्यामागं तोंडात मिठाची गुळणी धरून उभी होते. लाज वाटत होती, तरी उभीच होते.

वॉचमननं तिची पिशवी फरशीवर उपडी केली. माठाच्या जुड्या, कुंकवाची डबी, लग्नपत्रिकांचा गठ्ठा. सेक्रेटरींनी वरचीच पत्रिका उचलली. पाकिटावर शाळकरी अक्षरात माझ्या फ्लॅटचा नंबर होता आणि खाली 'ताई, सहकुटुंब'. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

मग मला कंठ फुटला. मावशी माझ्या ओळखीच्या आहेत, सोडा त्यांना, म्हणत मी पुढं घुसले. सेक्रेटरींना झापलं, शेजारणीवर तोंडसुख घेतलं. माझ्या आवाजानं वरच्या खिडक्यासुद्धा उघडल्या.

मावशी वाकून जुड्या गोळा करत होती. मी मदतीला बसले तर तिनं माझा हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ द्या. तुमी आत्ता आल्या का खाली?"

"हो, आत्ताच आले."

तिनं पिशवी उचलली. सेक्रेटरींच्या हातातली पत्रिका काढून घेतली, ती पिशवीत टाकली आणि माझ्याकडं पाहिलं.

"मगापासून मी तुमच्याकडंच बघत व्हते, ताई," ती म्हणाली आणि गेटबाहेर पडली.