रेडिएटरमधलं पाणी

संगणक थंड कसा ठेवावा हे मला ज्यांनी ज्यांनी शिकवलं, त्या सगळ्यांवर माझा अजून राग आहे. त्यातले निम्मे इंटरनेटवरच्या व्हिडिओतले. मागं एसी चालू, अंगात लांब बाह्यांचा शर्ट, आणि तोंडानं म्हणणार, 'आम्ही साध्या खोलीत चाचणी केली.' कुणाच्या साध्या खोलीत? गंगाखेडला मे महिन्यात आमच्या वरच्या खोलीचा स्लॅब असा तापायचा की दुपारी भिंतीला पाठ टेकवत नव्हती. तिथं या एकदा, मग सांगा.

मी घरांच्या आतल्या सजावटीची चित्रं संगणकावर बनवते. घर उभं राहण्याआधी ते कसं दिसेल, ऊन कुठून येईल, सोफ्यावर सावली कशी पडेल, हे प्रोसेसर तासन्‌तास आकडेमोड करून काढतो. पुण्याच्या ऑफिसात मी हेच करत होते. आई गेली आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, दोन्ही वेळा खिचडीवर राहायला लागले, तेव्हा मी संगणक उचलून घरी आले. ऑफिसनं तीन महिने दिले. चित्रं वेळेवर आली तर घरून काम चालू, नाही तर परत पुणे. अण्णांना पुन्हा एकटं टाकायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

वेळ गाठायची म्हणून मी प्रोसेसर नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायला लागले. याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. वेग वाढला की उष्णता वाढते, आणि ती हाताबाहेर गेली की संगणक स्वतःच बंद पडतो. माझा दिवसातून दोनदा बंद पडायला लागला. प्रोसेसरवरचा जुना कूलर पुरेना. आता हवेचा मोठा घ्यायचा की पाण्याचा, एवढाच प्रश्न होता.

तो घ्यायला परभणीला गेले तेव्हा मी हवेचाच ठरवून गेले होते. धातूच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा आणि त्याला पंखा. पंखा गेला तर दुसरा बसवता येतो, धूळ साचली तर ब्रशनं झटकता येते. दुकानदार हसला. "मॅडम, एवढी भारी मशीन आणि हवेचा? लिक्विड घ्या लिक्विड. आता हवेचा कोण घेतं?" शेजारी उभी असलेली दोन गिऱ्हाइकंही हसली. कुणी कमी लेखलेलं मला सहन होत नाही, हे त्या माणसानं बरोबर हेरलं. मी पाण्याचा घेतला. मूर्खपणा माझाच, पण त्याचं हसणं आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. पाणी काय नि हवा काय, उष्णता शेवटी त्याच खोलीत सोडायची असते, आणि खोलीच भट्टी असेल तर दोघांचाही नाइलाज होतो. हे त्याला ठाऊक नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं.

कूलर बसला तेव्हा अण्णा वर आले. जन्मभर एसटी चालवलेला माणूस. त्यांनी दोन काळ्या नळ्या पाहिल्या, वरची पंख्यांची जाळी पाहिली.

"हे काय हाय?"

"रेडिएटर. यात पाणी फिरतं आणि मशीन गार राहते."

एवढंच सांगितलं मी. याच विषयावर पुण्याच्या मैत्रिणीशी फोनवर पाऊण तास बोलले होते.

रेडिएटर म्हटल्यावर अण्णांचा चेहरा उजळला. राणीसावरगावची गाडी काढताना त्यांनी पाण्याचा कॅन सीटमागं ठेवला नाही असा दिवस नव्हता. पंधरा दिवसांनी संगणकातून गुडगुड आवाज यायला लागला, तसे अण्णा जिन्यात थांबून कान देऊन ऐकायला लागले.

"पाणी कमी झालंय माय त्यात. हवा धरलीय. आवाज यायलाय बघ."

"अण्णा, ते सीलबंद असतं. तुमची एसटी न्हाई ती. तुमी त्यात पडू नका."

असं म्हणून मी पुन्हा फोनवर ओरडायला लागले. त्या दिवसांत मी सारखी कुणावर ना कुणावर ओरडतच होते.

एका सकाळी मी अंघोळ करून आले आणि बटण दाबलं. चट्कन आवाज झाला, पाठोपाठ जळका वास. मग टेबलाकडं नीट पाहिलं. तिथं स्क्रूड्रायव्हर, फडकं आणि पाण्याचा तांब्या. रेडिएटरच्या कडेला, कारखान्यात पाणी भरतात त्या भोकावर, एक बारीक स्क्रू असतो, तो खोलून पुन्हा बसवलेला, आणि खालच्या बोर्डावरून पाणी ओघळत होतं. अण्णा दारात उभे होते.

"गरम असताना न्हाई उघडलं बरं का. रातभर गार होऊ दिलं. आता आवाज येणार न्हाई."

मी जे तोंड सोडलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. "खटारा चालवला म्हणून सगळं कळतं काय तुमाला?" असंही म्हणाले. ते फडकं घेऊन पाणी टिपायला लागले, त्यानं मला आणखीच चेव आला. तो कूलर दुकानात पडून पडून जुना झालेला होता आणि आतलं पाणी खरंच उडून गेलं होतं, हे दुरुस्तीवाल्यानं मला फार नंतर सांगितलं. अण्णांचा कान चुकला नव्हता. पण त्या सकाळी मला कुणाचंच काही ऐकायचं नव्हतं.

पुण्याला फोन लावला. चित्रं उशिरा मिळतील, एवढंच माझं बोलून झालं. "सोमवारी इथं हजर व्हा," साहेब म्हणाले. "घरून जमणारं काम नाही हे." आणि फोन ठेवला. त्यांना ज्या शिव्या द्यायच्या होत्या त्या अण्णांना द्यायच्या म्हणून मी तरातरा खाली आले.

अण्णा पायरीवर बसले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू फोनवर रोज म्हणायचीस, मशीन तापली तर मला परत जावं लागंल. म्हणून टाकलं पाणी."

शिव्या विसरून मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले. ऑफिसची ही अट मी सगळ्यांना सांगितली होती, अण्णांना सोडून. त्यांना ती जिन्यात उभं राहून ऐकावी लागली, याची मला इतकी लाज वाटली की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

"आता हवेचाच बसवते," मी म्हणाले. "वेग कमी करते. हळू चालंल."

"हळू चाललेलं तुझ्या सायबाला चालतंय का?"

"चालतंय," मी खोटंच सांगितलं.

अण्णा लगेच उठले. खुंटीवरची पिशवी काढली, चपला घातल्या आणि फाटकापाशी जाऊन वळले. "भाजी हप्ताभराची आणू का?"

"आणा," मी म्हणाले.